शेऱ्याचा रकाना

पोटापाण्यासाठी मी दुसऱ्यांच्या वेबसाइटींची दारं हलवून बघते. कुठलं दार नुसतं लोटलेलं आहे, कुठल्या कडीला कोयंडाच नाही, कुठल्या फटीतून बोट घातलं की आतली कडी निघते, हे शोधायचं आणि मालकाला कळवायचं, असा माझा धंदा. शिकायला येणारी पोरंपोरी मला हमखास विचारतात, मॅडम, तुम्ही पहिला हॅकर कधी पाहिला? त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड झाकलेला, बोटं भराभर चालवणारा कुणीतरी महाबिलंदर असतो. मी पाहिलेला पहिला हल्लेखोर शाळामास्तर होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना चापून लावलेलं खोबरेल, खिशाला दोन पेनं. त्यानं भर दुपारी पंख्याखाली बसून काम केलं, आणि काम तरी काय, वेबसाइटच्या पत्त्यातला एक शब्द आणि शेवटचा आकडा खोडून दुसरे टाकले. फोडलं काहीच नाही. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला चोरांचा राग येईनासा झाला आहे. किळस मात्र अजून येते. त्या किळसेतला मोठा हिस्सा माझ्या स्वतःच्या वाट्याचा आहे, म्हणून हे लिहायला मी केस पिकेपर्यंत टाळाटाळ केली.

तेव्हा आम्ही कारध्याला राहत होतो. पूल ओलांडला की भंडारा. पुलावरून जड ट्रक गेला की आमच्या फळीवरची ताटं किणकिणायची, आणि आई चुलीसमोरून न उठता हात वर करून ती सरळ करायची. बाबा पोस्टमन होते. घरी आले की आधी खाकी पिशवी उलटी करून झटकायचे, एखादं पत्र तळाशी राहून तर गेलं नाही ना, हे पाहायला. मी तिसरी-चौथीत असताना त्या पिशवीतलं एक पोस्टकार्ड काढून घडाघडा वाचून दाखवलं होतं. कुणाच्या तरी सुनेनं माहेरी लिहिलेलं, सासू जेवायला देत नाही म्हणून. मला वाटलं, बाबा शाबासकी देतील. त्यांनी कार्ड हळूच हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "पोस्टकार्ड उघडंच राह्यते बेटा. वाचाचं का नाही वाचाचं, हे आपल्यावर राह्यते." आज हीच गोष्ट मी मोठमोठ्या हॉटेलांत पडद्यावर चित्रं दाखवून साहेबलोकांना शिकवते. तेव्हा ती माझ्या डोक्यावरून गेली.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नाव सुजाता. साकोलीकडच्या एका उपकेंद्रात ती नर्स होती. पहाटे उठून रात्रीचा भात कांदा-मिरची घालून परतायची, अर्धा डब्यात भरायची, अर्धा माझ्यासाठी झाकून ठेवायची आणि एसटी पकडायला पुलाकडे चालू लागायची. संध्याकाळी परतली की तिच्या पदराला स्पिरिटचा वास यायचा. आई तोवर लाखोळीची डाळ शिजवून ठेवायची, कधी सोबत वाळलेल्या झिंग्यांची चटणी असायची, आणि ताई पाय पसरून जेवता जेवता दिवसभराच्या बाळंतपणांच्या गोष्टी अशा सांगायची की बाबा ताट उचलून बाहेर ओट्यावर जायचे. माझी कम्प्युटर क्लासची फी ताईच्या पगारातून जायची. हे ती कधी बोलून दाखवत नसे.

क्लास भंडाऱ्यात, भांडेवाल्यांच्या गल्लीत, राजूभाऊंच्या इंटरनेट कॅफेच्या मागच्या खोलीत होता. खाली पितळेवर हातोडी पडायची आणि वर आम्ही कीबोर्ड बडवायचो. मी हुशार होते, असं सगळे म्हणायचे. माझाही त्यावर पूर्ण विश्वास होता. म्हणून समाजाच्या मंडळाला वेबसाइट हवी झाली तेव्हा राजूभाऊंनी माझं नाव सांगितलं, आणि मी एकोणीस वर्षांची पोरगी, पाटी न गिरवता पहिलीत बसल्यासारखी, कमिटीसमोर जाऊन बसले.

मंडळाचं मुख्य काम वधू-वर परिचय मेळावा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फॉर्म भरला की उमेदवाराला एक नंबर मिळतो. तोच नंबर छापील पुस्तकात, तोच मेळाव्याच्या दिवशी छातीवर टाचणीनं लावायचा. माइकवरून पुकारा होतो, "नंबर एकशे बारा, मंचावर या." एकशे बारा येते, हात जोडते, उंची-शिक्षण सांगते आणि उतरते. खाली बसलेल्या बाया आपापसात बोलतात, एकशे बारा नाकीडोळी बरी हाये, पण नोकरी एकशे तीसले हाये. दिवसभर नाव कुणी घेत नाही. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तसं मंडळही दोन झालं, नातेवाईक तिकडे, पुस्तक इकडे, अशी गत झाली. मग दोन्हीकडच्या लोकांना घरबसल्या स्थळं पाहता यावीत म्हणून वेबसाइट. अध्यक्षांना सगळे दादाजी म्हणत. कचेरीतून निवृत्त झालेले, भाषणाची हौस असलेले गृहस्थ. त्यांनी मला एकच अट घातली. "पुस्तकातला नंबर अन् कम्प्युटरातला नंबर एकच पायजे बाई. लोकायचा घोळ नाही व्हाले पायजे."

मी घोळ होऊ दिला नाही. सभासद आपला पासवर्ड टाकून आत आला की त्याला यादी दिसायची, नावावर टिचकी मारली की माहितीचं पान उघडायचं, आणि वरच्या पट्टीत त्या पानाचा जो पत्ता असतो त्याच्या शेवटी रोमन अक्षरांत 'पहा' असा शब्द आणि पुढे उमेदवाराचा नंबर यायचा. कमिटीला माहिती बदलता यावी म्हणून दुसरं पान होतं. त्याच्या पत्त्यात 'पहा'च्या जागी 'दुरुस्ती'. पुढे तोच नंबर. राहण्याचा पत्ता, फोन, घरची परिस्थिती हे सगळं फक्त या दुरुस्तीच्या पानावर. सभासदांच्या पानावरून तिकडे जायला मी रस्ताच ठेवला नव्हता, बटण नाही, काही नाही. रस्ता दाखवला नाही म्हणजे कुणी जाणार नाही, असं मला वाटलं. समोर आलेला माणूस कमिटीचा आहे की नाही, हे विचारणाऱ्या चार ओळी मी लिहिल्याच नाहीत. दाराला नुसता पडदा लावून मी कुलूप लावल्याच्या तोऱ्यात हात झटकले. हे छिद्र आजही ठिकठिकाणी सापडतं, बँकांत सापडतं, दवाखान्यांत सापडतं, त्याला आता लांबलचक नाव आहे. हल्ल्याचे इतरही प्रकार आहेत. नावाच्या चौकटीत नावाऐवजी हुकूम लिहून आतला सगळा साठा ओकायला लावतात, अभिप्रायाच्या जागी अशी अक्षरं पेरतात की वाचणाऱ्याच्याच मशीनला ती नाचवतात. त्या सगळ्याला थोडी तरी अक्कल लागते. माझ्या छिद्राला 'दुरुस्ती' हा शब्द कमिटीच्या कुणाच्या पडद्यावर एकदा दिसला, आणि एकशे पंचेचाळीसनंतर एकशे सेहेचाळीस येतो एवढं आलं, की पुरे.

आणि त्या दुरुस्तीच्या पानावर अगदी तळाशी एक रकाना होता. शेरा. कमिटीचे लोक गावोगाव 'चौकशी' करायचे आणि फॉर्मच्या मागे पेन्सिलीनं काहीबाही लिहून आणायचे. "रंग काळा, फोटोत पावडर." "मोठी बहीण दुसऱ्या जातीत पळाली." "बाप दारुडा, मागणी कमी राहील." "दात पुढे, हसू देऊ नये." दादाजी म्हणायचे, "हे आपल्यापुरतं बाई, कमिटीले अंदाज पायजे." मुलांच्या फॉर्ममागे फारसं काही नसायचं, असलं तर "एकुलता, जमीन बरी". मी मंडळाच्या खोलीत बसून ते सगळं टाइप केलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण त्याहून जास्त हसू आलं. दातांचा शेरा टाइप करताना मी खूप हसले होते. ताईचा फॉर्म हातात आला, तिचा नंबर एकशे सेहेचाळीस, तेव्हा मागं लिहिलं होतं, "वय वाढलेलं, नोकरीमुळे तोंडाळ." ते मी टाइप केलं नाही. रकाना कोरा सोडला आणि पुढचा फॉर्म घेतला.

दोन-तीन महिन्यांत कुरबुर सुरू झाली. कुणाच्या मुलीला फोन येतो आणि पलीकडचा माणूस नुसता श्वास घेतो. कुणाच्या मुलीच्या गावच्या बसथांब्यावर एक सर उभे असतात आणि तिला नावानं हाक मारतात. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मग नरेश सर आमच्याकडे आले. बायको वारलेली, वय चाळिशीच्या पुढं, उमेदवार म्हणून मंडळात नाव नोंदवलेले. आमचा पत्ता कुणी दिला, असं बाबांनी विचारलं तर म्हणाले, "समाजात माहिती होतेच न पोस्टमन साहेब." ताईकडे पाहून ते असं हसले की जणू सौदा झालाच आहे. तिची ड्यूटी कोणत्या गावात, कोणत्या वारी लसीकरण, सगळं त्यांना तोंडपाठ. ताईनं चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "सर, मले तुमच्यासंग लग्न नाही कराचं. चहा घ्या." त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, फुरके मारत, शेवटच्या थेंबापर्यंत घेतला. त्या फुरक्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्यानंतर पवनीचं स्थळ आलं. मुलगा शिक्षण खात्यात कारकून, बोलायला मऊ. ताईला तो आवडला. ताईला कुणी आवडलं की ती भांडी फार जोरात घासायची, तशी ती घासू लागली. पसंती झाली, विहारात लग्न लावायचं ठरलं, आईनं पाहुण्यांसाठी तांदूळ निवडायला घेतले. आणि एका दुपारी मुलाचे वडील एकटेच आले. पाणी प्यायले. आईनं चहा टाकला तर म्हणाले, "चहा राहू द्या ताई." आमच्याकडे पाहुणा चहा नको म्हणाला की पुढचं सांगावं लागत नाही. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून बाबांपुढे ठेवला. दुसऱ्याचं पत्र आयुष्यात न वाचलेल्या बाबांनी तो कागद वाचला, आणि वाचून झाल्यावर त्यांना तो खाली ठेवताच येईना.

वर मंडळाचं नाव, माझ्याच हातानं निवडलेल्या निळ्या अक्षरांत. ताईचा फोटो. नंबर एकशे सेहेचाळीस. तळाशी शेऱ्याचा रकाना, आणि त्यात लिहिलेलं, "साकोलीस असताना परपुरुषासोबत राहत होती. गर्भपात केलेला आहे. कमिटीने खात्री केली."

"हे कोन्या ऐऱ्यागैऱ्यानं सांगतलं असतं तं मी मानलं नसतं," मुलाचे वडील म्हणाले. "पण हे मंडळाचं हाये." एका गुरुजींनी मुद्दाम घरी येऊन, समाजाचं भलं म्हणून, हा कागद दिला होता. गुरुजींनी नाव सांगू नका म्हटलं होतं, म्हणून ते नाव सांगेनात. ताई दारात उभी होती. तिच्या हातात पाहुण्यांसाठी आणलेला दुसरा पेला होता. ती आत गेली आणि भांडी घासायला बसली, आणि या वेळी काहीच आवाज आला नाही.

मी त्या कागदाकडे पाहत राहिले. तो रकाना मी कोरा सोडला होता हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मग माझी नजर कागदाच्या अगदी खालच्या कडेला गेली. त्या काळी पान छापलं की तळाशी बारीक अक्षरांत त्या पानाचा पूर्ण पत्ता आणि तारीख आपोआप छापली जायची. पत्त्यात शब्द होता 'दुरुस्ती'. मंडळाच्या खोलीतल्या प्रिंटरवर कागदाला दोन्ही बाजूंनी भोकं यायची. हा कागद गुळगुळीत होता, शिवाय कोपऱ्यात राजूभाऊंच्या प्रिंटरची ओळखीची काळी रेघ. त्या क्षणी मला कळलं की दार कसं उघडलं आणि ते उघडं कुणी ठेवलं. मी न्हाणीत जाऊन ओकले.

कॅफेत येणाऱ्या प्रत्येकाला रजिस्टरमध्ये नाव लिहून सही करावी लागे. राजूभाऊंनी ते मुकाट्यानं माझ्यापुढे ठेवलं. त्या तारखेला, दुपारी, नरेश सर. अक्षर मोत्यासारखं, सही वळणदार. मागची पानं चाळली तर दर आठवड्याला तीच सही. "सर तं म्हनत होते, शाळेचं काम हाये," राजूभाऊ म्हणाले. "एकेक पोरीचं पान काढून पाहत बसत. मले वाटलं, स्थळ शोधून रायले." या माणसानं एकापासून शेवटच्या नंबरापर्यंत सगळ्या मुलींची पानं दुपारी सवडीनं, एकेक करत उघडली होती, कोण कुठे राहते, कोणाला बाप नाही, कोण गरजू आहे, हे सगळं वाचून कुणाच्या बसथांब्यावर उभं राहायचं ते ठरवलं होतं. नकार मिळाल्यावर त्याच दारानं आत शिरून त्यानं ताईच्या पानावर घाण केली, आणि वर सही मंडळाची.

मी कागद आणि रजिस्टर घेऊन दादाजींकडे गेले. सोबत बाबा. मला वाटलं होतं, दादाजी पेटून उठतील. त्यांनी चष्मा पुसला, कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "शेरा बाहेर कसा गेला?" मी माझी चूक सांगितली. तशी ते सावरून बसले.

"म्हंजे गलती तुही हाये."

"हो. पण नरेश सरांनी—"

"सरायनं चोरलं काय? सगळं तं जागेवरच हाये. पाह्यलं. चार शब्द लिवले. आता हे बाहेर काढाचं म्हनलं तं शेऱ्याचं निघन. गावोगावचे मायबाप आमच्या अंगावर येतीन. तू असं कर, मशीन बिघडली म्हन अन् बंद करून टाक."

"अन् माह्या पोरीचं?" बाबांनी विचारलं.

"तिच्यासाठी दुसरं स्थळ पाहू न. मंडळ कायले हाये?"

बाबा उठले. त्यांनी नमस्कार केला नाही. दादाजींच्या बायकोनं आणलेले लाडू तिथंच राहिले. मला त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूची शिसारी आली होती, भिंतीवरच्या सत्काराच्या फोटोंचीसुद्धा. पुढच्या वर्षी मेळाव्याचं सूत्रसंचालन नरेश सरांनी केलं, हेही इथंच सांगून टाकते. शुद्ध बोलतात, म्हणून.

पवनीला मी आणि बाबा दुसऱ्याच दिवशी गेलो. मी मुलाच्या वडिलांना गावातल्या एका कॅफेत नेलं, माझ्या साध्या सभासदाच्या पासवर्डनं आत शिरले, त्यांच्याच मुलाचं पान काढलं, पत्त्यातला एक शब्द बदलला आणि शेऱ्यात लिहिलं, "याला आधीच दोन बायका आहेत. कमिटीने खात्री केली." छापून कागद त्यांच्या हातात दिला. "घ्या, मंडळाचं हाये," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. पण त्या गृहस्थाला जे कळायचं ते कळलं. तो कागद त्यांनी बारीक बारीक फाडला, मग आमच्यासोबत कारध्याला आले आणि आईनं केलेला चहा प्यायले. "झालं गेलं नदीले गेलं," ते म्हणाले. "तारीख तीच ठेवू."

आईच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. मी स्वतःवर खूश होते. घाण काढली, बहिणीचं लग्न वाचवलं, असा माझा हिशेब. ताई आतून आली. तिनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मामाजी, माफ करजा. एक कागद वाचून मी तुम्हाले वाईट वाटली. आता दुसरा वाचून चांगली वाटून रायली. उद्या तिसरा येईन. मले नाही कराचं." त्यांनी समजावलं, आईनं समजावलं. मुलगा स्वतः दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा तो गेल्यावर ताई मागच्या दारी जाऊन रडली, मी पाहिलं. पण ती बधली नाही.

मी साइट पुसून टाकणार होते. त्याच्या आदल्या दिवशी ताईनं रजा टाकली आणि मला म्हणाली, चल, मले दाखव. राजूभाऊंच्या कॅफेत मी तिच्या शेजारी बसले आणि पत्त्यातले आकडे बदलत गेले. ती प्रत्येक शेरा वाचत होती. काळी. बुटकी. बाप दारुडा. हसू देऊ नये. खाली हातोड्या चालू होत्या. चाळीसेक मुली झाल्यावर तिनं माझा हात धरून थांबवला.

"हे कोनं लिवलं?"

"कमिटीनं. मी फक्त टाइप केलं."

"सगळं?"

"हो."

"माह्यासमोर कायच नव्हतं लिवलं का त्यायनं?"

"होतं. मी टाकलं नाही."

"काहून?"

"तू माझी बहीण आहेस."

ताईनं हात सोडला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. बाळंतिणीच्या खोलीत घाणीचं भांडं उचलताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा, तो भाव घेऊन ती माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "ह्या पोरींच्या पाठी तो मानूस फिरून रायला, अन् ह्यायले माहीतच नाही का आपल्याबद्दल त्याले काय काय माहीत हाये. जाऊन सांगा लागन. एकेकीले. मी येतो तुह्यासंग."

पहिलं घर पवनीच्या रस्त्यावरच्या एका गावात होतं. दोघी एकाच सायकलवर, ताई मागे. आम्ही मंडळाकडून आलोय, एवढंच अंगणात म्हटलं आणि मुलीच्या आईची धांदल उडाली. मंडळाचं माणूस घरी आलं म्हणजे स्थळ घेऊन आलं, दुसरं कशाला येणार? मला बोलूच देईना. सतरंजी पडली, शेजारून कपबशा आल्या, आत पोह्यांना फोडणी बसली. बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, "मुलगा कुठचा जी?" मी ताईकडे पाहिलं. ताईनं मान फिरवली. हे माझं मलाच करायचं होतं.

मग मुलगी आली. शालू तिचं नाव. ठेवणीतली साडी, घाईत माळलेला अबोलीचा गजरा, हातात ताट. उंबऱ्यापासून आमच्यापर्यंत पाच पावलं असतील. ती अगदी सावकाश, एकेक पाऊल मोजून टाकत होती, आणि ताटातलं पाणी डचमळत होतं. तिचा शेरा मला पाठ होता. "डावा पाय ओढते. साडीत लपते. बसूनच दाखवावी."

मी सांगितलं. शेरा काय होता, कुणी लिहिला, कुणी टाइप केला, दार कसं उघडं राहिलं, कोण आत शिरला. माझ्या बहिणीवर खोटं लिहिलं तेव्हा हे सगळं उघडकीला आलं, आणि मग कॅफेच्या रजिस्टरापासून पवनीपर्यंत मी काय काय केलं, तेही सांगितलं. बसथांब्यावरच्या सरांचं नाव काढताच शालूनं आईकडे पाहिलं. तो तिथंही येऊन गेला होता. तिच्या आईनं डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि भिंतीला टेकून बसली. शालू उभीच होती. थोड्या वेळानं तिनं डाव्या पायावरचा भार काढला आणि नेहमीसारखी उभी राहिली.

"तुमच्या बहिणीबद्दल खोटं लिवलं," ती म्हणाली, "तं तुमी रजिस्टर काढलं, पवनीले गेल्या, भांडल्या. माह्याबद्दल खरं लिवलं. म्हनून कोनाले काही वाटलं नाही, न जी?"

शालू खाली बसली, पाय लांब केला आणि पोह्यांच्या बशा आमच्याकडे सरकवल्या.

"खा," ती म्हणाली. "थंडे होऊन रायले."

आम्ही खाल्ले. माझ्या बशीत तिच्या आईनं शेंगदाणे जास्त घातले होते.